कॅसेटमधली गर्दी

दादाने दिलेल्या कॅसेटवर त्याच्या तिरक्या अक्षरात ‘मेडन लाइव्ह’ एवढंच लिहिलेलं होतं. आत होता आयर्न मेडन या रॉक बँडचा १९८५ सालचा ‘लाइव्ह आफ्टर डेथ’. त्यातला बराचसा भाग कॅलिफोर्नियात, लाँग बीचला मुद्रित झालेला. आधी हजारो माणसांचा कल्ला, मग चर्चिलचं भाषण, मग गिटारी. ती गर्दी मला गाण्याचाच भाग वाटायची. ती कुठे ओरडते, कुठे टाळ्या धरते, सगळं पाठ होतं. अख्खा अल्बम ९० मिनिटांच्या कॅसेटमध्ये मावत नसल्यामुळे शेवटची काही गाणी माझ्यापर्यंत पोचलीच नव्हती. पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत, हेडफोन लावून, मी सात वर्षं ती गर्दी ऐकली. १ फेब्रुवारी २००८ ला वांद्रे-कुर्ला संकुलातल्या मैदानावर तो बँड पहिल्यांदा समोर पाहिला. त्या दिवसाने जे शिकवलं, ते लिहून ठेवते आहे.

१. रजा मागा.

१७ मार्च २००७ ला मेडन बंगळूरच्या पॅलेस ग्राउंड्सवर आले होते. दादा तिथेच नोकरीला होता. माझी नोकरी नवी, रजा मागायचा धीर झाला नाही. रात्री त्याचा फोन आला. तो काही बोललाच नाही, फोन नुसता हवेत धरून उभा राहिला. पलीकडून खरखर ऐकू येत होती, आणि त्या खरखरीतही कुठलं गाणं चाललंय ते मला कळत होतं. ओट्यापाशी उभी राहून मी रडले. पुढे मुंबईची तारीख कळली, त्याच दिवशी साहेबांच्या टेबलावर अर्ज ठेवला.

२. घरातल्या जुन्या श्रोत्याला विचारा.

बाबांनी रमणबागेच्या मैदानावर सवाई गंधर्व महोत्सवाच्या कितीतरी रात्री सतरंजीवर काढल्या आहेत. माझं संगीत त्यांना कधीच रुचलं नाही, पण कार्यक्रमाला जायचं म्हटल्यावर ते पुस्तक मिटून माझ्याकडे वळले. “समोर बसून ऐकल्याशिवाय गाणं कळत नाही. जा तू. आणि हातांकडे बघ. ध्वनिमुद्रिकेत हात दिसत नाहीत.” त्या दिवशी मिळालेला याहून मोलाचा सल्ला मला आठवत नाही.

३. वेळेच्या फार आधी पोचा.

रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला बंदी आहे. सवाईच्या रात्रभराच्या बैठकी याच नियमाने संपल्या, बाबांना अजून त्याची हळहळ वाटते. मैदानावरच्या रॉकलाही तोच नियम. म्हणजे उशिरा आलात तर पुढे भरपाई नाही. दादा आणि मी सकाळच्या सिंहगड एक्स्प्रेसने दादर, तिथून लोकलने वांद्रे आणि पुढे रिक्षा असं करत दुपारीच रांगेत लागलो. त्या रांगेत काळे टी-शर्ट घातलेली, नागपूरहून, गोव्याहून, गुवाहाटीहून आलेली मुलं भेटली. आपल्याला आवडतं ते आवडणारी आणखी माणसं आहेत, हे मला माहीत होतं. दिसली त्या दिवशी.

४. हात बघा.

कॅसेटमध्ये मला नेहमी घोड्याच्या टापा ऐकू यायच्या: एक लांब, दोन आखूड. ‘द ट्रूपर’ हे गाणं क्रिमियाच्या युद्धातल्या, १८५४ च्या घोडदळाच्या हल्ल्यावरचं. तिथे त्या टापा शोभतातच. पण त्या येतात कुठून? बरीच वर्षं मी त्याचं श्रेय ड्रमला देत होते. मैदानावर पडद्यावर स्टीव्ह हॅरिसचा उजवा हात दिसला. पिकाशिवाय, नुसत्या बोटांनी, तो बासच्या तारांवर घोडे दौडवत होता. १९७५ मध्ये पूर्व लंडनमध्ये ज्याने हा बँड उभा केला, तो माणूस बत्तीस-तेहतीस वर्षांनंतरही एक पाय स्पीकरवर ठेवून तेच काम त्याच जिवाच्या ओढीने करत होता.

माझ्या कॅसेटमध्ये डेव्ह मरे आणि एड्रियन स्मिथ अशा दोनच गिटारी आहेत. १९९० मध्ये स्मिथ गेला, यानिक गर्स आला. १९९९ मध्ये स्मिथ परतला तेव्हा गर्सला कुणी जा म्हटलं नाही, तेव्हापासून गिटारी तीन. ही माहिती मी वाचलेली होती. पण पाठ असलेल्या सुरावटीखाली तिसरी गिटार कशी शिरते, कुणाची बोटं कुणासाठी जागा सोडतात, हे पाहिल्यावर जुनी गाणी पुन्हा नवी झाली. आणि गायक ब्रूस डिकिन्सन! त्या दौऱ्यात बँड, माणसं आणि सामान घेऊन जे बोइंग ७५७ फिरत होतं, त्याच्या वैमानिकांपैकी तो एक. मुंबई हा दौऱ्याचा पहिला मुक्काम, तीन दिवसांनी पर्थ. विमान उडवणारा तो माणूस मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत धावत होता आणि वरचे सूर तरीही जागेवर लागत होते. कष्ट आवाजात लपतात. समोर दिसतात.

५. उभं राहायचं तर साउंड कन्सोलच्या आसपास.

बँडचा माणूस आवाजाचा तोल तिथूनच साधतो, त्यामुळे त्याला जे ऐकू येतं तेच तुम्हालाही. पुढे कठड्यापाशी चेहरे दिसतात, पण गिटारींचा चिखल होतो. मी दोन्हीकडे उभी राहिले. पुढे सरकताना एका उंच मुलाने आपणहून वाट केली, “ताई, या इथे, दिसेल.” ‘राइम ऑफ द एन्शंट मरिनर’ मी त्याच्याच शेजारी उभी राहून ऐकलं. कोलरिजच्या कवितेवरचं, १३ मिनिटांहून लांब गाणं. मधे सगळं थांबतं, जहाज करकरल्यासारखा आवाज तेवढा उरतो, आणि त्या वेळी एवढं मोठं मैदान श्वास धरून उभं होतं.

६. कानात बोळे घाला.

मी घातले नाहीत, दोन दिवस कानात शिट्टी वाजत राहिली. हिशोब साधा आहे: ८५ डेसिबलला ८ तास चालतात, पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी. १०० डेसिबलला उरतात १५ मिनिटं. इअरप्लग औषधांच्या दुकानात स्वस्तात मिळतात. हे संगीत म्हातारपणीही ऐकायचं असेल तर एवढं कराच.

७. गर्दीत आपला आवाज मिसळा.

‘फिअर ऑफ द डार्क’ सुरू होताना लोक शब्द गात नाहीत, गिटारीची धून गातात. मी गाणारी नाही. घरी कधी गुणगुणतही नाही. माझ्या डावीकडे दादा, उजवीकडे तो अनोळखी मुलगा, दोघांचे डोळे मिटलेले. मी तोंड उघडलं. माझा आवाज मला स्वतःला ऐकू आला नाही, तो त्या मोठ्या आवाजात केव्हाच विरघळला होता. मग एकदम लक्षात आलं, की लाँग बीचच्या त्या कॅसेटमध्येही अशीच कुणीतरी एक मुलगी असणार. सात वर्षं मी तिलाही ऐकत होते.

रात्रीच्या एशियाडने पुण्याला पोचलो तेव्हा पहाट व्हायची होती. बाबा जागेच होते. चहाचं आधण ठेवत त्यांनी विचारलं, “हात बघितलेस?”

मी टेबलावर दोन बोटांनी वाजवून दाखवलं: एक लांब, दोन आखूड. त्यांनी थोडा वेळ ऐकलं. मग गॅस बारीक केला, खुर्ची ओढून समोर बसले आणि माझ्या टापांवर टाळी धरली.