संशोधनाची मोजदाद आणि गावाचे आरोग्य

आरोग्याचे अर्थशास्त्र ही ज्ञानशाखा आपल्याकडे तुलनेने नवी असली, तरी तिचा विषय प्रत्येक घराच्या परिचयाचा आहे. परभणी जिल्ह्यातील सोनपेठ वा पालम तालुक्यातल्या कुटुंबात एखादे माणूस आजारी पडले की डॉक्टरांची फी व औषधे यांबरोबरच प्रवासाचे भाडे, सोबतच्या माणसाचे जेवण आणि ऐन कापूस वेचणीत बुडालेली मजुरी असा खर्च वाढत जातो. यातील बराचसा भाग कोणत्याही पावतीवर उमटत नाही. तो मोजणे आणि त्यावरून शासकीय खर्चाची दिशा सुचविणे हे या शाखेतील संशोधकाचे कार्य होय. अशा संशोधकाच्या कार्याचे मोल कसे ठरवावे, हा प्रश्न योजना आखणाऱ्यांच्या व राबविणाऱ्यांच्याही दृष्टीने महत्त्वाचा आहे.

मोजमापाची साधने

एका संशोधकाच्या लेखाचा आधार दुसऱ्याने आपल्या लेखात नमूद केला, म्हणजे त्या लेखास एक उद्धरण मिळाले असे मानतात. अमेरिकेतील युजीन गारफिल्ड यांनी 1955 मध्ये अशा उद्धरणांची सूची करण्याची कल्पना मांडली व 1964 मध्ये विज्ञानविषयक उद्धरण-सूची प्रसिद्ध होऊ लागली. पुढे 2005 मध्ये पदार्थवैज्ञानिक जॉर्ज हर्श यांनी ‘एच-निर्देशांक’ सुचविला. समजा, एका संशोधकाच्या पाच लेखांना अनुक्रमे 40, 12, 6, 4 आणि 1 अशी उद्धरणे मिळाली आहेत. त्यांपैकी चार लेखांना प्रत्येकी किमान चार उद्धरणे आहेत. म्हणून त्याचा निर्देशांक 4 झाला. पहिल्या लेखाची उद्धरणे 40 वरून 400 झाली तरी हा आकडा 4 च राहतो.

या मोजणीच्या मर्यादा ध्यानात घेणे अगत्याचे आहे. एखाद्या लेखाचे खंडन करण्यासाठी त्याचा उल्लेख झाला तरी ते उद्धरणच ठरते. वैद्यकशास्त्रात उद्धरणे वेगाने जमतात, समाजशास्त्रांत सावकाश. देशमुख, पाटील, कुलकर्णी यांसारखी आडनावे आणि सारखी आद्याक्षरे यांमुळे एकाचे लेख दुसऱ्याच्या खाती जमा होतात. हा घोळ टाळण्यासाठी संशोधकास सोळा अंकी ‘ऑर्किड’ क्रमांक देण्याची व्यवस्था 2012 पासून सुरू झाली.

जळगाव व गडचिरोली : दोन उदाहरणे

महाराष्ट्रातील दोन अभ्यास या संदर्भात उद्बोधक आहेत. रवी दुग्गल व सुचेता अमीन यांनी जळगाव जिल्ह्यात कुटुंबांच्या आरोग्यखर्चाची पाहणी केली. तिचा अहवाल 1989 मध्ये फाउंडेशन फॉर रिसर्च इन कम्युनिटी हेल्थ या संस्थेने मुंबईहून प्रसिद्ध केला. एका जिल्ह्यातील घराघरांत विचारपूस करून, आरोग्यसेवेचा मोठा भार शासनाच्या तिजोरीपेक्षा कुटुंबांच्या खिशावर पडतो, हे तीतून पुढे आले. हा अहवाल नियतकालिकातील लेख नव्हता. संस्थेने छापलेले पुस्तक होते. प्रामुख्याने नियतकालिकांवर बेतलेल्या सूचीत अशा कामास त्याच्या योग्यतेचे स्थान मिळणे कठीण असते. त्याने उपस्थित केलेला प्रश्न मात्र पुढील काळात राष्ट्रीय पातळीवर मोजला जाऊ लागला. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात कुटुंबांनी थेट खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा 2013-14 मध्ये 64.2 टक्के होता. 2021-22 मध्ये तो 39.4 टक्के नोंदला गेला.

दुसरे उदाहरण गडचिरोलीचे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने 39 गावांत गावच्याच स्त्रियांना नवजात बालकांची घरी जाऊन काळजी घेण्याचे प्रशिक्षण दिले व 47 गावांशी तुलना केली. 1999 मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आलेल्या या लेखानुसार नवजात मृत्यूंचे प्रमाण 62 टक्क्यांनी घटले आणि दर बालकामागे 5.3 डॉलर खर्च आला. परिणाम आणि त्याची किंमत एकत्र मांडल्यामुळे हा लेख नियोजनकारांच्याही कामाचा ठरला व जगभर उद्धृत झाला. 2011 मध्ये केंद्र शासनाने नवजात बालकाच्या गृहभेटींचा कार्यक्रम देशभर स्वीकारला. दवाखान्यात प्रसूती झाल्यास तिसऱ्या दिवसापासून बेचाळीसाव्या दिवसापर्यंत आशा कार्यकर्ती सहा भेटी देते. जिंतूर वा गंगाखेडच्या वस्तीवर होणारी अशी भेट कोणत्याही उद्धरण-सूचीत नोंदली जात नाही. परंतु तो त्याच संशोधनाचा विस्तार आहे.

जिल्ह्यासाठी बोध

यावरून असे दिसते की, उद्धरणांची संख्या विद्वानांनी घेतलेली दखल सांगते, लोकांना झालेला उपयोग सांगत नाही. केवळ आकड्यांवरून संशोधकाची निवड वा बढती होऊ लागली, तर कोणीही जळगावसारखी दीर्घ व कष्टाची पाहणी हाती घेणार नाही, आणि परभणीसारख्या जिल्ह्यांचे प्रश्न अभ्यासाविना राहतील. मराठीत लिहिलेला अहवाल ग्रामसभेत वाचला जाऊ शकतो, पण आंतरराष्ट्रीय सूचीत त्यास क्वचितच जागा मिळते, हेही विसरून चालणार नाही.

म्हणून जिल्ह्यात आरोग्यखर्चाची पाहणी करण्यास कोणी आले, तर अधिकारी व पंचायत सदस्यांनी काही गोष्टी अवश्य विचाराव्यात. घरांची निवड कशी केली? खर्च किती दिवसांच्या आठवणीवरून नोंदविला? राष्ट्रीय नमुना पाहणीत रुग्णालयात दाखल झाल्याचा खर्च मागील 365 दिवसांचा, तर बाह्योपचाराचा मागील 15 दिवसांचा विचारला जातो. हा भेद न पाळल्यास आकडे फसवे ठरतात. प्रवास व बुडालेली मजुरी धरली आहे काय? आणि निष्कर्ष गावास मराठीतून कळविले जाणार आहेत काय?

शिक्षकांनाही यात मोठे कार्य आहे. वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांकडून, कुटुंबांची नावे न लिहिता व त्यांच्या संमतीने, आजारपणाच्या खर्चाची साधी नोंद करून घेतल्यास गणित व नागरिकशास्त्र यांचे जिवंत शिक्षण घडेल. अशा नोंदी गावच्या आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीपुढे आल्यास तिच्या बंधमुक्त निधीचा विनियोग अधिक डोळसपणे करता येईल. संशोधनाची खरी कसोटी अशा निर्णयांतच लागत असते.