लहानमोठ्या मुलांस एकत्र कसें रमवावें?



खुरपणीचे दिवस आले म्हणजे पुष्कळ घरीं आईबाप सकाळींच शेतावर जातात, व मुलें आजीच्या अथवा थोरल्या मुलीच्या स्वाधीन राहतात. तान्हें रडतें, तीन वर्षांचें त्याचा खुळखुळा ओढतें, सात वर्षांचा मुलगा कंटाळून विहिरीकडे धांव घेतो. सांभाळणारी एकास दटाविते, दुसऱ्यास मारिते, आणि रमत कोणीच नाहीं. यास उपाय काय, याचा आज विचार करूं.

१. वय पाहून खेळ द्यावा. सहासात महिन्यांचें मूल माणसाच्या तोंडाकडे पाहण्यांत रमतें. हातांनीं तोंड झांकून पुनः दाखविलें कीं खदखदां हसतें. दोनतीन वर्षांच्या मुलास भरण्याओतण्याचें वेड असतें. त्यास थोडी माती व दोन वाट्या पुरेत. पांचसहा वर्षांचें मूल मोठ्यांचें अनुकरण करितें; त्यास चिंध्यांची बाहुली व मातीचे बैल द्यावेत. आठ वर्षांवरील मुलास नियम व चढाओढ हवी; त्याकरितां सागरगोटे, लगोरी, काचापाणी आहेतच.

२. परंतु चार मुलांस नेहमीं चार खेळ पुरविणें कोणाच्यानेंही होत नाहीं. म्हणून खेळ एक काढावा व कामें चार वांटावीं. बाजाराचाच खेळ घ्या. थोरल्या मुलीनें दुकान मांडावें व पानांचे पैसे मोजावे. मधल्यानें गिऱ्हाईक होऊन भाव करावा. धाकट्यानें टोपलींत माल भरावा. तान्ह्यानें मांडीवर बसून मौज पाहावी. यांत थोरलीस हिशेब येतो, धाकट्यास नवे शब्द मिळतात, आणि भांडणास कारण उरत नाहीं.

३. सावध असावें. चिंचोके, मणी, गोट्या, शेंगदाणे हीं रांगत्या मुलाच्या घशांत अडकून प्राण जाऊं शकतो. यास्तव मोठ्यांनीं असले खेळ ओट्यावर खेळावे व संपतांच मोजून उचलून ठेवावे. बादलींतलें वीतभर पाणीही तान्ह्यास बुडविण्यास पुरे आहे. चूल व विहीर यांजवळ खेळ मांडूं नये.

४. थोरली मुलगी हीही मूलच आहे, हें आपण विसरतों. डहाणू तालुक्यांतील बोर्डी येथें ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनीं १९४५ सालीं खेड्यांतील बालशिक्षणाचें काम आरंभिलें. कडेवर धाकटें भावंड असल्यामुळें थोरल्या मुली शाळेस मुकतात, असें त्यांस आढळून आलें. तेव्हां पाळणाघर, बालवाडी व प्राथमिक शाळा हीं एकत्र आणून त्यांनीं विकासवाडी उभी केली. १९५७ सालीं हें कार्य कोसबाड येथें गेलें. भावंडास दूर न लोटतां बहिणीस शिकविण्याचा हा मार्ग आपणही ओळखावा. निदान दोन शेजारणींनीं आळीपाळीनें मुलें सांभाळलीं, तर दोन मुली शाळेंत जातील.

सांभाळणें म्हणजे केवळ राखण नव्हे. आपण एक घटकाभर मुलांमध्यें बसून खेळ लावून दिला, तर पुढचा प्रहर तींच परस्परांस रमवितात.

विचार करण्यासाठीं प्रश्न: आपल्या घरीं तान्ह्यास कोण सांभाळतें? तिची शाळा बुडते काय? या आठवड्यांत तिचा एक तास आपण कसा मोकळा कराल?