हवामान बदलाचा अभ्यास आणि नंदुरबार जिल्हा

हवा आणि हवामान हे दोन शब्द व्यवहारात एकाच अर्थाने वापरले जातात. शास्त्राने मात्र त्यांत भेद केला आहे. एखाद्या दिवसाची वा आठवड्याची वातावरणाची स्थिती म्हणजे हवा. साधारणतः ३० वर्षांच्या नोंदींवरून ठरणारे तिचे सर्वसाधारण रूप म्हणजे हवामान. एखाद्या वर्षी पाऊस लांबला, एवढ्यावरून हवामान बदलले असे म्हणता येत नाही. दीर्घ काळाच्या नोंदी एका दिशेने सरकू लागल्या, तरच तसे म्हणता येते.

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेच्या दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइडचे सुमारे २८० भाग होते. आज ते ४२० च्या वर गेले आहेत. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाच्या २०२० च्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंश सेल्सिअसने वाढले. हा अहवाल पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतील शास्त्रज्ञांच्या पुढाकाराने सिद्ध झाला.

उच्च शिक्षणातील स्थान

पर्यावरण हा विषय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर शिकविला जावा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९९१ रोजी दिला. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम तयार केला. आयोगाच्या २०२३ च्या आराखड्यात हवामान बदलाला स्वतंत्र स्थान देण्यात आले आहे. नंदुरबार जिल्ह्यातील महाविद्यालये जळगावच्या कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. या विद्यापीठाची स्थापना १९९० साली झाली. येथील विद्यार्थ्याला या विषयाची प्रयोगशाळा आपल्या तालुक्यातच उपलब्ध आहे.

असुरक्षितता कशी मोजतात?

राज्य शासनासाठी ‘टेरी’ या संस्थेने हवामान बदलाचा जिल्हावार अभ्यास केला. त्याचा अहवाल २०१४ मध्ये सादर झाला. त्यातील असुरक्षितता निर्देशांकात नंदुरबार जिल्हा राज्यात सर्वांत असुरक्षित, तर सातारा सर्वांत कमी असुरक्षित ठरला.

या निर्देशांकाची तीन अंगे आहेत: हवामानाच्या आघाताशी येणारा संबंध, त्या आघाताने होणारी हानी आणि त्याच्याशी जुळवून घेण्याची क्षमता. पावसात सारखाच खंड पडलेल्या दोन गावांचे उदाहरण घेऊ. एका गावात विहिरींना पाणी आहे, रस्ता बारमाही आहे, पीककर्ज मिळते. दुसरे गाव सातपुड्याच्या उतारावर आहे. तेथील ज्वारी, मका आणि भगर केवळ पावसावर अवलंबून आहेत. पहिल्या गावाचे एका हंगामाचे उत्पन्न घटते. दुसऱ्या गावातील कुटुंबांना पोटासाठी गाव सोडावे लागते. म्हणजे असुरक्षिततेचा उगम केवळ आकाशात नसून समाजाच्या स्थितीतही असतो. २०११ च्या जनगणनेनुसार जिल्ह्याच्या लोकसंख्येत सुमारे ६९ टक्के आदिवासी होते. शेती, वनोपज आणि गुजरातेतील हंगामी मजुरी यांवर त्यांपैकी अनेकांचा चरितार्थ चालतो.

जिल्ह्यातील काही व्यवसाय तर थेट उन्हावर चालतात. नंदुरबारच्या बाजारातील लाल मिरची मोकळ्या मैदानावर पथारी घालून वाळविली जाते. धडगाव परिसरात कैरीच्या फोडी उन्हात सुकवून आमचूर केला जातो. अवकाळी पावसाची एक सर आली, तरी हा माल काळा पडतो.

विद्यार्थ्यांनी काय अभ्यासावे?

पहिले काम नोंदींचे. तालुक्याच्या पर्जन्यमापकाच्या जुन्या नोंदींवरून पेरणीयोग्य पावसाची तारीख आणि दोन पावसांतील खंड यांचे तक्ते करता येतात. महसूल मंडळांतील स्वयंचलित केंद्रे अलीकडची असल्याने केवळ त्यांच्या आधारे हवामानाविषयी निष्कर्ष काढता येत नाही; जुन्या नोंदींची जोड आवश्यक ठरते. डोंगराळ भागात पावसाचे प्रमाण थोड्या अंतरावर बदलते, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

दुसरे काम लोकांच्या अनुभवाचे. वृद्ध शेतकऱ्यांशी त्यांच्या भिली वा पावरी बोलीत संवाद साधून मोह फुलण्याचा काळ, आटलेले झरे आणि सोडून दिलेली वाणे टिपावीत. स्मरण आणि नोंद यांचा मेळ बसत नसेल, तर त्यामागील कारण शोधणे हाही अभ्यासच होय.

तिसरे काम उपायांच्या परीक्षेचे. भारतीय कृषी संशोधन परिषदेने २०११ मध्ये हवामानानुकूल शेतीचा राष्ट्रीय उपक्रम सुरू केला. वनहक्क कायदा, २००६ अन्वये ग्रामसभांना सामूहिक वनांच्या व्यवस्थापनाचा अधिकार मिळाला. २ ऑक्टोबर २०२० पासून राज्यात ‘माझी वसुंधरा’ अभियान राबविण्यात येऊ लागले. अशा उपायांचे यश किती बंधारे बांधले, यावरून ठरत नाही. विहिरीत पाणी किती महिने टिकले, पाण्यासाठी स्त्रियांची पायपीट किती कमी झाली, किती कुटुंबे मजुरीसाठी बाहेर जाण्याचे थांबली, यांवरून ते ठरते.

असे अहवाल महाविद्यालयाच्या कपाटात न राहता ग्रामसभेपुढे वाचले गेले पाहिजेत. प्राध्यापकाने पद्धत शिकवावी, ग्रामसेवकाने दप्तर खुले करावे आणि पंचायत सदस्यांनी निष्कर्षांचा गावच्या विकास आराखड्यात विचार करावा. २०१४ च्या क्रमवारीत सर्वांत असुरक्षित ठरलेल्या या जिल्ह्यात अशा अभ्यासाची निकड अधिक आहे.