अपुल्लोस पुन्हा शिकावयास बसला

पाठ : प्रेषितांची कृत्ये, अध्याय 18, ओव्या 1 ते 4 व 24 ते 28

हा पाठ आपण पुष्कळ वेळा ऐकला असेल. तथापि ह्या खेपेस पौलाकडे थोडे कमी व अपुल्लोसाकडे थोडे अधिक लक्ष द्यावे अशी आमची विनंती आहे. अपुल्लोस हा आलेक्सांद्रियाचा; वक्तृत्वात निपुण आणि शास्त्रलेखांत प्रवीण. तो इफिसास येऊन सभास्थानात निर्भयपणे बोलू लागला, पण त्यास केवळ योहानाचा बाप्तिस्मा ठाऊक होता. ही उणीव कोणाच्या ध्यानात आली? राहुट्या करून पोट भरणाऱ्या अक्विला व प्रिस्किल्ला ह्या नवराबायकोच्या. त्यांनी भरसभेत त्याचा मुखभंग केला नाही. त्यास आपल्याजवळ घेतले आणि देवाचा मार्ग अधिक चांगल्या रीतीने समजावून दिला. आणि तो नामांकित वक्ता त्या कारागिरांपुढे शिष्य होऊन बसला! आपले वय, आपली विद्या व आपली कीर्ति ह्यांपैकी काहीच त्याने आड येऊ दिले नाही.

आता आपल्या गावच्या मंडळीकडे पाहू. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा ह्या तालुक्यांतून दसरा झाला की ऊसतोडीस टोळ्या निघतात. आईबापांबरोबर मुलेही जातात, आणि सातवी-आठवीतच शाळा सुटते ती कायमची. पुष्कळ मुलींची शाळा लग्नाने सुटते. हीच मुले पुढे मोठी होऊन आपल्या उपासनेत शास्त्रवाचन करतात, प्रार्थना चालवितात, साक्ष देतात. परंतु एखाद्या अर्जावर ‘शिक्षण’ हा रकाना आला की त्यांची मान खाली जाते. आमच्या उपदेशकांपैकीही काहींची स्थिति हीच आहे, हे लपवून काय उपयोग? अशा बंधूंस “आता ह्या वयात कशाला?” असे आम्ही स्वतःच पुष्कळदा म्हटले आहे. ते आमचे चुकले.

आपल्या जिल्ह्यास ह्या बाबतीत मोठे पूर्वज लाभले आहेत. रेव्ह. नारायण शेषाद्रि ह्यांचा बाप्तिस्मा मुंबईस 1843 साली झाला. पुढे त्यांनी जालन्यास येऊन सेवा केली आणि जवळच बेथेल हे ख्रिस्ती खेडे वसविले. नव्या विश्वासणाऱ्यांस केवळ उपासनामंदिर देऊन भागणार नाही. त्यांस शेत, शाळा व हातचा धंदाही पाहिजे, हे त्या सत्पुरुषाने ओळखले होते. बेथेलची आठवण आपण अभिमानाने काढतो, पण आज आपल्या मंडळीतील तीस वर्षांच्या माणसास शाळेची वाट कोण दाखवितो?

ती वाट बंद झालेली नाही. दहावीस बसून नापास झालेल्यास आपल्या जुन्या शाळेतर्फे पुन्हा परीक्षा देता येते. ज्याची शाळा मध्येच सुटली त्याने राज्य मंडळाचा सतरा नंबरचा अर्ज भरावा. निदान पाचवी उत्तीर्ण असल्यास खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीस बसता येते. आपला जिल्हा छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय मंडळाखाली येतो. परंतु प्रथम तेथवर धावू नये, जवळच्या माध्यमिक शाळेच्या मुख्याध्यापकांस भेटावे. हा अर्ज पावसाळ्यातच निघतो, आणि टोळी गावाहून निघेपर्यंत मुदत पुष्कळदा संपलेली असते, हे टोळीवाल्यांनी विशेष ध्यानात ठेवावे.

दुसरी वाट राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची, म्हणजे लोक जिला एनआयओएस म्हणतात तिची. ही भारत सरकारची संस्था 1989 पासून चालत आहे. वयाची वरची मर्यादा नाही. मराठीतून दहावी देता येते. पाच विषय घ्यावयाचे, आणि ते सर्व एका दमात सोडविण्याची सक्ति नाही. नोंदणीपासून पाच वर्षांत नऊ वेळा बसण्याची मुभा आहे व परीक्षा वर्षातून दोनदा होते. राज्य मंडळात उत्तीर्ण झालेले दोन विषयांपर्यंतचे गुणही येथे धरून घेतले जातात. सहा महिने परमुलखी राहणाऱ्यास ही दुसरी वाट अधिक सोयीची, असे आमचे मत आहे. ज्यांस अक्षरओळखच नाही अशा वडील माणसांकरिता ‘उल्लास’ हा साक्षरतेचा कार्यक्रम आहे; त्याविषयी गावच्या प्राथमिक शाळेत विचारावे.

धंद्याच्या शिक्षणाची गोष्टही अशीच. जालन्यास सळ्यांचे कारखाने आहेत. तेथे वेल्डर, फिटर व इलेक्ट्रिशियन लागतात. फिटर व इलेक्ट्रिशियन ह्यांस दहावी पाहिजे. परंतु आयटीआयमध्ये वेल्डर, वायरमन व शिवणकाम हे धंदे आठवी उत्तीर्णासही शिकता येतात. आठवीनंतर दोन वर्षांचा अभ्यासक्रम पुरा करणाऱ्यास भाषेची परीक्षा देऊन दहावीची समकक्षता मिळविण्याची सोय आहे. ती नेमकी कशी, हे प्रवेश घेतानाच प्राचार्यांस विचारून घ्यावे. मागाहून हळहळ नको. शाळेचे मोठे प्रमाणपत्र नसलेल्यांकरिता बँकेतर्फे चालणारी ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहे. शिक्षण, राहणे व जेवण फुकट. आपल्या गावच्या बँकेत चौकशी केल्यास पत्ता मिळेल. शेतीच्या जोडधंद्यांसाठी खरपुडीच्या कृषि विज्ञान केंद्रात जावे.

एका नाजूक गोष्टीविषयी स्पष्ट लिहिणे आम्हांस प्राप्त आहे. अर्जावर जात व धर्म विचारतात. अनुसूचित जातींच्या सवलती 1950 च्या आदेशाप्रमाणे हिंदूंस, 1956 पासून शिखांस व 1990 पासून बौद्धांसही आहेत. ख्रिस्ती त्यांत नाहीत. हा अन्याय आहे असे आम्ही मानतो. परंतु त्याकरिता रविवारी एक नाव व सोमवारी दुसरे, असे करू नये. महाराष्ट्रात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्यांचा समावेश इतर मागासवर्गात आहे. तो दाखला उपविभागीय अधिकाऱ्यांकडून मिळतो व अर्ज सेतू केंद्रातून करता येतो. तो हक्काचा आहे. तो मागण्यास लाजू नये.

“परीक्षा न देता दहावीचे प्रमाणपत्र आणून देतो,” असे म्हणणारे दलाल बाजारच्या दिवशी भेटतात. आमच्या ओळखीच्या एका बंधूने बैल विकून असे प्रमाणपत्र घेतले. नोकरीच्या ठिकाणी ते परत आले, बैल आला नाही.

उपदेशक बंधूंस एवढे काम सांगतो. पुढील रविवारी उपासनेनंतर आपल्या मंडळीत शाळा सुटलेले कोण कोण आहेत, ते विचारावे. पण सर्वांसमोर नव्हे. अक्विला व प्रिस्किल्ला ह्यांनी केले तसे त्यांस आपल्या घरी बोलवावे. येताना शाळा सोडल्याचा दाखला व आधार कार्ड आणण्यास सांगावे, आणि दोन्हींवर नाव व जन्मतारीख एकच आहे की नाही हे स्वतः पाहावे. बाप्तिस्म्याने किंवा लग्नाने नाव बदललेले असल्यास राजपत्रात ते छापून घ्यावे लागते. त्यास वेळ लागतो, म्हणून ते काम आधी हाती घ्यावे. दाखला हरवला असेल तर जुन्या शाळेत त्या बंधूबरोबर किंवा भगिनीबरोबर स्वतः जावे. एकटे पाठविले तर पुष्कळ जण फाटकावरूनच परत येतात.