वजनाचं इंजेक्शन आणि डोसची घाई

“डॉक्टर, महिना होत आला, काटा जागचा हलत नाही. डोस वाढवू का?” हा प्रश्न हल्ली ओपीडीत रोजचा झालाय. विचारणाऱ्यांचं मला कौतुकच वाटतं. न विचारता वाढवणारे उलट्या सुरू झाल्यावर येतात.

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपटाइड, म्हणजे माउंजारो, भारतात आलं. जूनमध्ये वेगोव्ही आलं. त्यातलं औषध सेमाग्लुटाइड. त्याच्या इथल्या पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच, त्यामुळे ते आता आणखी घरांत पोचणार. औषधं चांगली आहेत, मीही लिहून देतो. माझा राग आहे तो घाईवर. दुप्पट डोस घेतला की दुप्पट वजन उतरतं, हा हिशेब लोकांच्या डोक्यात इतका पक्का बसलाय की सांगून सांगून घसा बसतो.

नीट ऐका. पहिल्या चार आठवड्यांचा डोस वजन उतरवण्यासाठी दिलेलाच नसतो. सेमाग्लुटाइड आठवड्याला ०.२५ मि.ग्रॅ. असं सुरू करतात. मग चार-चार आठवड्यांनी ०.५, १, १.७ आणि शेवटी २.४. टिर्झेपटाइड २.५ मि.ग्रॅ.ने सुरू होतं, चार आठवड्यांनी ५, आणि पुढे गरज पडलीच तर अडीच-अडीचने वाढवत जास्तीत जास्त १५. ही औषधं भूक कमी करतात आणि जठर रिकामं व्हायला वेळ लावतात. त्याची पोटाला सवय व्हावी म्हणून पहिला महिना. त्यात काटा हलला नाही, तर ‘मला लागू पडत नाही’ असा निष्कर्ष काढून मोकळे होऊ नका.

आता चारच आठवडे का? सेमाग्लुटाइड शरीरातून निम्मं कमी व्हायलाच साधारण आठवडा लागतो. म्हणजे पहिलं ०.२५ टोचलं, आठवड्याने त्यातलं निम्मं शिल्लक असतं, त्यावर दुसरं ०.२५ पडतं. ढोबळ हिशेबाने शरीरात ०.३७५ झालं. तिसऱ्या वेळी ०.४४ च्या आसपास, चौथ्या वेळी ०.४७. पेनवरचा आकडा तोच, पण अंगातलं औषध दर आठवड्याला चढतच असतं आणि चार-पाच आठवड्यांनी कुठे स्थिरावतं. तुम्हाला ‘काहीच होत नाही’ असं वाटतं त्या दिवसांत हे चाललेलं असतं. अशात मधली पायरी गाळून उडी मारली, किंवा आठवड्याऐवजी चौथ्या दिवशीच टोचून घेतलं, तर जुना साठा आणि नवा डोस दोन्ही एकदम अंगावर येतात.

पंचेचाळिशीच्या एक बाई आल्या होत्या, मुलीचं लग्न दीड महिन्यावर. ०.२५ ची दोन इंजेक्शनं झाली, वजन तसंच. जिमच्या ट्रेनरने सांगितलं, थेट १ घ्या, वेळ कशाला घालवता? घेतलं. दुसऱ्या दिवसापासून उलट्या. लिंबूपाणीसुद्धा टिकेना, तरी लग्नाच्या खरेदीत तीन दिवस काढले. माझ्यासमोर आल्या तेव्हा जीभ कोरडी ठाक, सकाळपासून लघवी नाही, किडनीवरचा ताण सांगणारं क्रिएटिनिन वाढलेलं. सलाइन लावताना त्यांनी विचारलं, “याचा असर उतरवायचं एखादं इंजेक्शन द्या ना.” असं इंजेक्शन नाही. गोळी उलटून पडते, टोचलेलं औषध परत काढता येत नाही. ते आपल्या वेगाने, दिवसांमागून दिवस घेत उतरतं. किडनी सावरली, लग्नही झालं. पण मुलीच्या केळवणांना आईने नुसता वरणभात खाल्ला.

आणि इतकं सोसून मिळतं काय? टिर्झेपटाइडच्या २०२२ सालच्या मोठ्या अभ्यासात ७२ आठवड्यांनी ५ मि.ग्रॅ. घेणाऱ्यांचं वजन सरासरी १५ टक्के उतरलं, १० वाल्यांचं १९.५ आणि १५ वाल्यांचं २०.९. डोस तिप्पट, फरक सहा टक्क्यांच्या आत. शिवाय या सगळ्यांनी पायरी-पायरीने चढूनच तो गाठला होता. म्हणून ५ वर तुमचं वजन नेमाने उतरत असेल, तर तिथेच थांबायला काहीच हरकत नाही. वरचा डोस म्हणजे वरची इयत्ता नव्हे.

सर्वांत जास्त धडकी मला सिरिंजवाल्यांची भरते. पेन महाग म्हणून कुणी ऑनलाइन पावडर मागवतं, व्हिडिओ बघून पाण्यात कालवतं आणि इन्सुलिनच्या सिरिंजने ‘दहा युनिट’ टोचतं. अहो, युनिट हे इन्सुलिनचं माप. या औषधाचं माप मिलिग्रॅम. दहा युनिटमध्ये किती मिलिग्रॅम आलं ते पावडर किती पाण्यात कालवली यावर ठरतं. त्यात आपल्याकडे सिरिंजही दोन तऱ्हेच्या: लाल टोपणाची मिलिलिटरला ४० युनिटची, नारिंगी टोपणाची १०० ची. एकाच रेघेला वेगळं माप. अमेरिकेत २०२४ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने याच गोंधळाबद्दल इशारा दिला होता. ठरलेल्या डोसच्या पाचपासून वीस पट औषध लोकांनी टोचून घेतलं होतं. पावडरीत नेमकं काय आहे, हा प्रश्न तर मी अजून विचारलेलाच नाही.

नणंद-भावजयीत एक पेन वाटून घेणं हाही असाच प्रकार. सुई बदलली तरी पेनमधून रक्तातला संसर्ग जाऊ शकतो. ओझेम्पिक म्हणजेही सेमाग्लुटाइडच; ‘गरिबांचं ओझेम्पिक’ म्हणून इसबगोल विकणाऱ्यांबद्दल एवढंच, की इसबगोल बद्धकोष्ठावर उत्तम आहे.

थोडी मळमळ, लवकर पोट भरणं, शौचाला खडा होणं याने घाबरू नका. डोस वाढल्यावर पहिले काही दिवस हे होतंच, बहुतेकांचं कमी होतं. ताटात निम्मं वाढून घ्या, पोट भरल्यासारखं वाटलं की उठा, जेवून लगेच आडवं होऊ नका. एकादशीची तुपातली साबुदाण्याची खिचडी आणि नवा डोस यांची गाठ मात्र घालू नका. त्रास टिकला तर डोस वाढवायचा महिनाभर लांबवता येतो, एक पायरी खालीही येता येतं. त्यात हार नाही.

एखादा आठवडा चुकला तर दोन इंजेक्शनं एकदम नकोत. सेमाग्लुटाइडच्या पुढच्या डोसला दोन दिवसांहून जास्त अवकाश असेल तर चुकलेला घ्या, नाहीतर सोडून द्या. टिर्झेपटाइडला चुकलेल्या दिवसापासून चार दिवसांपर्यंत सवलत आहे. दोन-तीन आठवडे खंड पडला असेल, तर जिथे सोडलं तिथून परस्पर सुरू करू नका, आधी विचारा. पुष्कळदा खालून चढावं लागतं.

वाट न बघता यायची वेळ कोणती? पोटाच्या वरच्या भागात सतत, पाठीत जाणारी कळ, सोबत उलट्या: स्वादुपिंडाला सूज असू शकते, पुढचा डोस बंद. उजव्या बरगडीखाली दुखून ताप किंवा कावीळ: पित्ताशयात खडे असू शकतात. पाणीही टिकत नसेल, लघवी कमी किंवा गडद होत असेल, तर सकाळची वाट बघू नका. एका डोळ्याने अचानक दिसेनासं झालं तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइड किंवा इन्सुलिन चालू असेल आणि हात थरथरून घाम सुटला, तर आधी साखर खा, मग फोन करा. खरं तर त्या औषधांचा डोस इंजेक्शन सुरू करतानाच कमी करायचा असतो, पण त्यासाठी ते सुरू केलंय हे आम्हाला कळायला हवं.

घरात कुणाला थायरॉइडचा मेड्युलरी कॅन्सर झाला असेल तर ही औषधं घ्यायचीच नाहीत. बाळाचा विचार असेल तर सेमाग्लुटाइड दोन महिने आधी थांबवा. टिर्झेपटाइड सुरू केल्यावर आणि प्रत्येक वाढीनंतर चार आठवडे गर्भनिरोधक गोळीवर विसंबू नका. आणि ऑपरेशन ठरलं, अगदी छोटं असलं तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना शेवटचं इंजेक्शन कधी घेतलं ते सांगा. रात्रभर उपाशी राहूनही तुमच्या जठरात अन्न असू शकतं.