घरच्या प्रिंटरवरील छपाईचे दोष व त्यांचे निवारण

'घ' आणि 'ध', 'म' आणि 'भ' यांतील भेद इयत्ता पहिलीतील मूल शिरोरेषेतील खंडावरून आणि लहानशा गाठीवरून ओळखत असते. प्रौढ वाचक पुसट अक्षरावरूनही शब्द जाणतो. नवशिक्या वाचकास ते साधत नाही. शिक्षकाने घरच्या इंकजेट प्रिंटरवर काढलेल्या वाचनपाठात एखादी आडवी पांढरी रेघ नेमकी शिरोरेषेवरून गेली, तर मूल अडखळते आणि दोष मात्र मुलाच्या माथी बसतो.

ही आडवी रेघ का उमटते, हे प्रथम समजून घ्यावे. प्रिंटरचे हेड कागदावरून आडवे फिरते व त्याच्या तळाशी केसाहूनही बारीक अशी शेकडो छिद्रे असतात. त्यांना नोझल म्हणतात. एखाद्या नोझलमध्ये शाई वाळली की त्याच्या वाट्याची रेघ कोरी राहते. अशा वेळी प्रथम 'नोझल चेक' हा नमुना छापून पाहावा. ज्या रंगाच्या रेषा तुटलेल्या दिसतील, त्या रंगाची नोझले तुंबली आहेत असे समजावे व 'हेड क्लीनिंग' करावे. शाईच्या टाकीचा प्रिंटर असेल, तर तत्पूर्वी शाई खालच्या खुणेच्या वर आहे ना, हेही पाहावे.

येथेच पुष्कळांचा उतावीळपणा नडतो. रेघ जात नाही म्हणून लागोपाठ पाच-सहा वेळा क्लीनिंग केले जाते. प्रत्येक वेळी बरीच शाई खर्ची पडते आणि ती यंत्रातील शोषक गादीत जमते. गादीची मर्यादा संपली की काही प्रिंटर छपाईच थांबवितात. सबब दोन-तीन वेळा क्लीनिंग करून गुण न आल्यास प्रिंटर रात्रभर बंद ठेवावा. वाळलेली शाई पुष्कळदा तेवढ्या अवधीत मऊ होते. दुसऱ्या दिवशी पुन्हा नमुना काढावा. नोझलमध्ये टाचणी मात्र कदापि घालू नये. काही प्रिंटरांत हेड कार्ट्रिजलाच जोडलेले असते. तेथे नवे कार्ट्रिज घातले म्हणजे हेडही नवे येते.

नमुना अखंड असूनही काना दुहेरी दिसत असेल किंवा तक्त्याच्या उभ्या रेषा जुळत नसतील, तर तो शाईचा दोष नव्हे. तेथे 'हेड अलाइनमेंट' करावे. सर्वच छपाई फिकी असल्यास 'ड्राफ्ट' ही निवड राहून गेली आहे काय, ते पाहावे.

पावसाळ्यात कागद दमट होऊन शाई पसरते व अनुस्वाराचा ठिपका फुगतो. उघडलेले रीम प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवणे हा त्यावर साधा उपाय होय. कागदाच्या मागील बाजूस डाग पडत असल्यास कोरे कागद डाग थांबेपर्यंत प्रिंटरमधून जाऊ द्यावेत.

प्रिंटर नेहमी त्याच्याच बटणाने बंद करावा, भिंतीवरील स्विचने नव्हे. बटण दाबल्यावर हेड आपल्या जागी जाऊन रबरी झाकणावर बसते व शाई वाळत नाही. छपाई चालू असता वीज गेल्यास हेड उघडेच राहते. वीज येताच प्रिंटर सुरू करून पुन्हा बटणानेच बंद करावा. उन्हाळ्याच्या दीर्घ सुट्टीत आठवड्यातून एकदा सर्व रंग असलेले एक लहानसे पान छापीत जावे.