जुन्या मोटारीची थ्रॉटल स्प्रिंग : नमुना, मोजमाप आणि खरेदी

बोटाच्या पेराएवढी तारेची स्प्रिंग मिळत नाही म्हणून जुनी, नामांकित मोटार महिनोन्‌महिने गॅरेजात उभी राहते. ही स्प्रिंग कार्ब्युरेटरच्या थ्रॉटल दांडीवर बसते. चालकाने एक्सिलेटरवरून पाय उचलला की दांडी फिरवून झडप बंद करणे हे तिचे काम. ती ढिली पडली तर पाय उचलूनही इंजिनाचा वेग उतरत नाही, आणि ऐन रहदारीत असे झाले तर जिवावर बेतते. तेव्हा वस्तू लहान म्हणून तिचा व्यवहार लहान समजू नये. सुटे भाग विकणारे, गॅरेजवाले आणि स्प्रिंग वळणारे कारागीर या तिघांच्याही कामाची माहिती येथे देत आहे.

उदाहरणादाखल एस.यू. कार्ब्युरेटर घेऊ. मॉरिस, एम.जी., जग्वार या इंग्रजी गाड्यांवर आणि आपल्याकडच्या जुन्या अ‍ॅम्बॅसडरवर तो असे. त्याचे जनक स्किनर बंधू. त्यांच्या घरचा धंदा पादत्राणांचा, आणि पहिल्या कार्ब्युरेटरमध्ये चक्क चामड्याचा भाता होता! १९०५ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला, १९१० मध्ये कंपनी काढली. ‘स्किनर्स युनियन’ या नावावरून एस.यू. झाले. १९९६ मध्ये या नावाचे हक्क इंग्लंडमधील सॉल्सबरीच्या बर्लेन कंपनीने घेतले. त्यामुळे या जातीचे बरेच सुटे भाग आजही नवे मिळतात.

पहिली पायरी म्हणजे रोग ओळखणे. झडप बंद होत नसेल तर लगेच स्प्रिंगला दोष देऊ नये. आधी एक्सिलेटरची केबल किंवा दांड्या सोडवून थ्रॉटल हाताने फिरवून पाहावा. तो मोकळा परतला तर दोष केबलमध्ये किंवा पेडलमध्ये आहे. तसाच अडकला तर दांडी वाकली आहे का, झडपेची चकती तिरपी बसली आहे का, आत मळी साचली आहे का, हे तपासावे. वाकलेल्या दांडीवर जबर स्प्रिंग चढवणे म्हणजे फाटक्या कापडावर इस्त्री फिरवणे होय. उलट जास्त जोरामुळे दांडीची भोके लवकर झिजतात, तेथून हवा शिरते आणि गाडी नीट उभी राहत नाही.

दुसरी पायरी ओळख पटवण्याची. एस.यू.च्या एका स्क्रूखाली नंबर कोरलेली छोटी पट्टी असते. ती सापडली तर त्या नंबरावरून स्प्रिंग मागवावी. पुष्कळदा ती हरवलेली असते. मग जुनी स्प्रिंग, मोडकी का होईना, जपून ठेवावी. तीच आपला नमुना.

नमुन्यावरून या गोष्टी लिहून घ्याव्यात : तारेची जाडी, वेट्यांची संख्या, आतला व्यास, दोन्ही टोकांची लांबी, त्यांची वाकणे आणि मोकळ्या अवस्थेत त्या टोकांमधील कोन. याखेरीज पीळ डावा की उजवा हे अवश्य पाहावे. दोन कार्ब्युरेटरच्या गाडीत दोन्हींचे पीळ उलटसुलट असू शकतात. नियम असा की, थ्रॉटल उघडताना वेटे आवळले गेले पाहिजेत, उलगडता कामा नयेत. आवळताना आतला व्यास कमी होतो, म्हणून दांडीभोवती थोडी जागा राहिली पाहिजे.

जाडी नजरेच्या अंदाजाने घेऊ नये, मायक्रोमीटरने घ्यावी. आम्हा कापडवाल्यांना सुताचा काउंट ठाऊक असतो. आकडा वाढला की सूत बारीक. तारेच्या गेजचा हिसाब तसाच. २० नंबरची तार ०.९१४ मिलिमीटर, १९ नंबरची १.०१६. फरक केसाएवढा वाटतो, पण स्प्रिंगचा जोर जाडीच्या चौथ्या घाताने वाढतो. बाकी मापे तीच ठेवून एका नंबराने जाड तार घेतली तर जोर सुमारे दीडपट होतो. वेटे दुप्पट केले तर जोर निम्म्यावर येतो.

मुंबईत चोर बाजार, ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा भंगार बाजार येथे शोध घेता येतो. पाकीटबंद जुना मालही नीट पाहून घ्यावा; वेट्यांच्या आतल्या बाजूला गंज असेल तर तार तेथेच तुटते. पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यावरून गेली, त्यामुळे तिचे जुने कार्ब्युरेटर भंगारात दिसतील. पण त्यांची स्प्रिंग एस.यू.वर दडपून बसवू नये.

कोठेच मिळाली नाही तर कारागिराकडून वळून घ्यावी. तार पियानो वायर जातीची असावी. साध्या तारेला वाकवले की ती तशीच राहते. वळल्यावर सुमारे २५० अंश सेल्सिअसच्या भट्टीत अर्धा तास ठेवली म्हणजे वळताना आलेला ताण निघतो आणि आकार टिकतो. टोके गॅसच्या ज्योतीने लाल करून वाकवू नयेत, पाणी उतरते. झिंकचा मुलामा दिल्यास लगेच काही तास सुमारे २०० अंशांवर तापवावी, नाहीतर तार ठिसूळ होऊन अचानक तुटते.

बसवल्यावर इंजिन बंद ठेवून थ्रॉटल थोडा, अर्धा व पूर्ण उघडून वीस-तीस वेळा सोडावा. प्रत्येक वेळी तो स्वतःहून पूर्ण बंद झाला पाहिजे. इंजिन तापवून ते बंद करावे आणि पुन्हा तेच करावे. पेडलच्या दांड्यांवरची दुसरी स्प्रिंग काढून टाकू नये; एक तुटली तर दुसरी सांभाळते.

२०२१ पासून केंद्राच्या नियमांत पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपात जपलेल्या गाड्यांची ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी आहे. अशा गाडीच्या मालकाला बिनचूक भाग हवा असतो. एका नगासाठी कारागिराला साचा लावणे परवडत नाही. चार-पाच गॅरेजांनी मिळून पंचवीस नगांची मागणी दिली तर सर्वांचाच फायदा. मात्र वळलेली स्प्रिंग ‘ओरिजिनल’ म्हणून विकू नये. बिलावर तारेची जात, गेज आणि ‘नमुन्यावरून बनवलेली’ असे स्पष्ट लिहावे. गिऱ्हाईक या वस्तूवर आपला जीव सोपवतो, हे दुकानदाराने विसरू नये.